सहा जण जास्त उतरले

सिस्टरच्या गाडीवर माझी नेमणूक शिक्षा म्हणून झाली. एका बाईंचा पोपट चोरीला गेला होता. तो दोन दिवसांनी शेजारच्या घरात सापडला आणि मी पंचनाम्याला पोपटाचा जबाब जोडला. जबाब शब्दशः खरा होता. पण कागद फिरत फिरत वरपर्यंत गेला आणि वरच्या प्रत्येकाला वाटलं की पोपट आपल्याबद्दलच बोलतोय.

मोठे साहेब म्हणाले, "तुला फार सुचतं. उद्यापासून सिस्टरच्या गाडीवर जा. तिथे जास्त सुचलेलं चालत नाही."

गाडी साधी पांढरी. वर दिवा नाही, भोंगा नाही. चालवायला एक पोलीस, म्हणजे मी, आणि शेजारी मानसिक आरोग्य विभागाच्या नर्स, म्हणजे सिस्टर. कुणी काही गुन्हा केला आणि त्याची तब्येत ठीक नाही अशी शंका आली, की पोलिसांनी एकट्याने हात घालायचा नाही, ही गाडी बोलवायची, असा करार होता. करार दोन खात्यांमध्ये असल्यामुळे दोन्ही खाती पेट्रोल दुसऱ्याचं समजायची. टाकी कायम अर्धी असायची.

सिस्टर छप्पन्न वर्षांच्या. एकतीस वर्षं वॉर्डात काढलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि चाल अशी की जणू जिथे पोचायचंय ती जागा वाट बघत थांबणार आहे. पहिल्याच दिवशी गाडीत बसता बसता त्यांनी दोन नियम सांगितले.

"वेडा हा शब्द गाडीत आणायचा नाही. बाहेर ठेव, घरी जाताना पाहिजे तर घेऊन जा. आणि खोटं बोलायचं नाही. त्याला जे दिसतं ते तुला दिसत नसेल, तर दिसतं म्हणायचं नाही. 'असं काही नाहीच' म्हणून भांडायचं पण नाही."

"मग बोलायचं काय?"

"विचारायचं. झोप लागते का, जेवलास का."

"एवढंच?"

"एवढं विचारायला शिकेपर्यंत माझे गुडघे गेले," सिस्टर म्हणाल्या. "चल, गिअर टाक."

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी दहाला, एका सात मजली ऑफिसच्या इमारतीतून बोलावणं आलं. तिथल्या लिफ्टच्या मिस्त्रीने दोन्ही लिफ्ट बंद करून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं होतं. वॉचमन अडवायला गेला तर त्याने पाना फेकून मारला. वॉचमन खाली दारापाशी, भुवईवर पट्टी बांधून, येईल त्याला हकिकत सांगत बसला होता. दर वेळी पाना थोडा वाढत होता. मी पोचलो तेव्हा तो हातभर झाला होता.

मिस्त्रीची मोठी बहीण तिथे आधीच आली होती. शिवणकाम करायची, गळ्यातली टेप काढायचंही तिला सुचलं नव्हतं. ती भावाला बारक्या म्हणायची, तो तिला ताई. बारक्या त्रेचाळीस वर्षांचा आणि सहा फूट उंच होता.

"दहा दिवस डोळ्याला डोळा नाही त्याच्या," ताई म्हणाल्या. "मोजत बसतो. सोमवारी लिफ्टने वर गेले चारशे बारा, खाली आले चारशे अठरा. सहा जण जास्त कुठून उतरले, म्हणतो. मॅनेजर म्हणाले, जिन्याने चढले असतील. तर म्हणतो, जिना पण मोजलाय. जिन्याने दोघंच गेले, त्यातला एक मी."

खरं सांगायचं तर मला शंका रास्त वाटली. आमच्या ठाण्यात हजेरीवर एकोणीस जण असतात आणि दिसतात अकरा. त्याचा कुणी इतका माग काढलेला नाही.

"गोळ्या?" सिस्टरने विचारलं.

"महिन्यापूर्वी सोडल्या. मला आठवड्यापूर्वी कळलं." ताईंनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. तेव्हा हातकडी घालून नेलं. तारीख लागेपर्यंत चार महिने तुरुंगात. आत गोळ्या कोण देणार? घरी आला तर प्रत्येक दाराशी थांबायचा. स्वयंपाकघरातून बाहेर यायला पण कुणीतरी 'ये' म्हणायला लागायचं. वर्ष लागलं ते जायला. या वेळी तुरुंग नको. बाकी काय लिहायचं ते लिहा."

मोठे साहेब घड्याळ बघत उभे होते. साहेबांबद्दल मला वाईट बोलता येत नाही. एक तर ते साहेब आहेत, आणि दुसरं म्हणजे दार फोडणाऱ्या तुकडीला त्यांनी मिस्त्रीला वरून दिसणार नाही अशा भिंतीमागे उभं केलं होतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"सिस्टर, सरळ सांगतो," साहेब म्हणाले. "माणूस जखमी आहे, तक्रार आहे, गुन्हा लिहावाच लागेल. पण तो स्वतःच्या पायांनी खाली आला तर आधी दवाखाना. तेवढं माझ्या हातात आहे. दार फोडून, ओढून आणावा लागला तर कलमं वाढतात, मग कोठडी. ते माझ्या हातात राहत नाही. दीड वाजेपर्यंत थांबतो. वर दोनशे माणसं अडकलीत. निम्म्यांना इमारतीला जिना आहे हेच आज कळलंय."

"दीड," सिस्टर म्हणाल्या, आणि जिन्याकडे निघाल्या.

सात मजले आणि वर गच्चीचा एक. सिस्टर प्रत्येक वळणावर बसत. ताई त्यांची पिशवी घेऊन मागे. दुसऱ्या मजल्यावर मला राहवेना. तरुण वय, गुडघे शाबूत आणि अक्कलही त्यांच्याच आसपास. "मी पुढे जाऊन बघतो," म्हणालो.

"बघ फक्त," सिस्टर म्हणाल्या.

मशीनच्या खोलीला लोखंडी दार होतं आणि दाराच्या वरच्या भागात जाळी. जाळीमागे अंधार. अंधारातून आवाज आला, "कोण?"

"पोलीस."

"किती?"

"एक."

"खालून निघालात तेव्हा किती होतात?"

"एकच," मी म्हणालो. बाकी दोघी मागून येत होत्या, पण त्या अजून पोचल्या नव्हत्या.

"बघा. म्हणजे जिना बरोबर आहे. घोळ लिफ्टमध्येच आहे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला सुचलं. "मिस्त्री," मी म्हणालो, "ते सहा जण सापडले."

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "कुठे आहेत?"

"ठाण्यात. चहा पितायत."

"आणा."

"हां?"

"सहाही जण आणा. मी बघतो, मग येतो."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला त्या वेळी आठवली नाही. ती नंतर लोकांनी आठवण करून दिली. तेव्हा मला वाटलं, काम फत्ते. मी फोन करून दार फोडणाऱ्या तुकडीतले सहा शिपाई वर मागवले. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातून त्यांना सहा कोट उसने मिळाले. पाचव्या मजल्यावर ते सिस्टरना ओलांडून गेले.

"कुठे निघालात?" सिस्टरने विचारलं.

"आम्ही जास्तीचे सहा," त्यातला एक म्हणाला आणि पुढे गेला.

मी त्यांना जाळीसमोर ओळीने उभं केलं. आतून बॅटरीचा उजेड एकेकाच्या अंगावरून फिरला.

"कुठल्या मजल्यावर बसलास?"

"चौथ्या," पहिला म्हणाला.

"तू?"

"दुसऱ्या."

"आणि तू?"

तिसरा नवीन होता आणि कामात जीव ओतणारा होता. "नवव्या," तो म्हणाला.

इमारत सात मजली होती. उजेड हळूहळू खाली गेला आणि पायांवर थांबला. सहा जोड काळे बूट, एकाच दुकानातले, एकाच पॉलिशचे. उजेड मग माझ्या बुटांवर आला आणि तिथेच राहिला.

"तुम्ही पण त्यांच्यातलेच," मिस्त्री म्हणाला. ओरडून नाही. एखाद्याने दुधाची पिशवी फुटली हे सांगावं तसं. मग उजेड गेला आणि आतून काहीतरी जड, पत्र्याचं, दारापर्यंत सरकत आलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

सिस्टर पोचल्या तेव्हा त्यांच्या श्वासाला शिट्टी लागली होती. त्या मला काही बोलल्या नाहीत. मी वाट बघत होतो, चार शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी त्या सहा जणांना सांगितलं, "खाली जा. सावकाश. पायांचा आवाज होऊ दे, सगळे गेले हे त्याला आत कळू दे." ते गेले. मग मला म्हणाल्या, "काय बोललास ते सांग."

मी सांगितलं.

"आता हे त्याला सांग."

"काय?"

"खोटं बोललो म्हणून."

प्रशिक्षणात अकरा महिने आम्हाला दोर, ढाल, लाठी, बंदूक सगळं शिकवलं होतं. बंद दारासमोर उभं राहून पोलिसाने 'मी खोटं बोललो' कसं म्हणायचं, याचा तास झाला नव्हता. मी टोपी काढली. का काढली ते माहीत नाही.

"मिस्त्री, मघाचे सहा जण आमचेच शिपाई होते. मी खोटं बोललो."

आतून आवाज आला, "का?"

मी सिस्टरकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे सगळं सांग.

"तुम्ही लवकर बाहेर यावं म्हणून. साहेबांनी दीडपर्यंत वेळ दिलाय. स्वतः आलात तर आधी दवाखाना. नाहीतर दार फोडणार, मग कोठडी."

"आणि खरे सहा?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी बघितले नाहीत."

त्या दिवसातलं माझं हे पहिलं वाक्य, ज्यात मला काहीच सुचलेलं नव्हतं.

सिस्टर दाराशेजारी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसल्या. बूट काढले, गुडघा चोळू लागल्या. "मिस्त्री, मी नर्स आहे. झोप शेवटची कधी लागली होती?"

"रविवारी. चाळीस मिनिटं."

"जेवलात?"

"मोजताना जेवता येत नाही. हात गुंततो."

"बरोबर." सिस्टरने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, एक जाळीतून आत सरकवलं, एक स्वतः खाल्लं. आतलं बिस्किट खाली पडल्याचा आवाज आला नाही. "मला ते सहा जण दिसत नाहीत, मिस्त्री. पण झोप नाही, ते तुमच्या आवाजात ऐकू येतंय. फार दमलाय तुम्ही."

"तुम्हाला पण दम लागलाय."

"आठ जिने चढले."

"वय किती तुमचं?"

"छप्पन्न. दोन्ही गुडघे गेलेत."

मग मिस्त्रीने विचारलं, "मग जिन्याने कशाला आलात?"

"लिफ्ट बंद आहे," सिस्टर म्हणाल्या.

ताईंनी माझी बाही ओढली आणि कुजबुजल्या, "अकरा वर्षांत या इमारतीची लिफ्ट दोन तासांच्या वर बंद राहिलेली नाही. एकदा पार्ट मिळेना, तर पायाला प्लास्टर घातलेल्या बाईंना खुर्चीत बसवून तीन मजले खाली घेऊन गेला होता. एकटा. मग घरी येऊन, खाली नेलं ते ठीक, पण त्यांना खुर्चीत बसावं लागलं म्हणून रडला."

"उतरणार कशा?" आतून आवाज.

"तोच विचार करतेय. चढण्यापेक्षा उतरणं वाईट असतं."

मला वाटलं ही सिस्टरची युक्ती आहे, आणि मी मनातल्या मनात टाळी दिली. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "युक्ती कसली? खरंच उतरता येत नव्हतं."

"लिफ्ट चालू केली की माणसं वाढतात," मिस्त्री म्हणाला.

"बरं."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. वाढत नाहीत, असंही नाही. मी घड्याळ बघत होतो, ताई मला बघत होत्या, सिस्टर दुसऱ्या गुडघ्याकडे वळल्या. एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना आतून आवाज आला, "एक फेरी करता येईल. मी स्वतः आत असेन तर. चौघं. चार चढायचे, चार उतरायचे. मोजणार मी."

"मोजा. चार चढू. पुढचं मला सांगता येत नाही."

पत्र्याचं कपाट मागे सरकलं आणि दार उघडलं. शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोळे लाल, हातात पाना. पाना वीतभर होता. माझा हात आपोआप हातकडीकडे गेला. सिस्टरने त्या हाताकडे फक्त बघितलं. मग त्या हाताने थोडा वेळ माझी कंबर खाजवली.

"पाना ताईंकडे द्या," सिस्टर म्हणाल्या. "मला त्याची भीती वाटते."

मिस्त्रीने पान्याकडे बघितलं, जणू आत्ताच तो हातात उगवलाय, आणि ताईंना दिला. "तू काम सोडून कशाला आलीस?"

"ब्लाउज अर्धा टाकून आलेय," ताई म्हणाल्या. "आता त्या बाईचं लग्न तुझ्यामुळे बिनबाह्यांचं होणार. चल."

त्याने एका लिफ्टचा खटका वर केला. सातव्या मजल्यापर्यंतचा जिना उतरायला सिस्टरना दंड पुढे केला. सिस्टरने तो धरला. मी शपथेवर सांगतो, त्या जिन्यावर कोण कोणाला घेऊन चाललं होतं ते मला ओळखता आलं नसतं.

लिफ्ट आली. "सिस्टर एक. ताई दोन. पोलीस तीन. मी चार." दार मिटलं. सहा, पाच, चार. आणि तिसऱ्यावर लिफ्ट थांबली. तिथे कुणीतरी सकाळपासून बटण दाबत होतं. दार उघडलं तर समोर फाईल घेतलेले एक गृहस्थ. कोट नव्हता. त्यांचा कोट मघाशी कुणीतरी उसना नेला होता.

"खाली ना?" त्यांनी विचारलं.

ताईंनी डोळे मिटले. सिस्टर मिस्त्रीला म्हणाल्या, "हे गृहस्थ विचारतायत. लिफ्ट तुमची आहे."

दार मिटायला लागलं. मिस्त्रीने हात घालून ते थांबवलं. तीन वेळा दार त्याच्या हातावर आलं आणि तीन वेळा मागे गेलं. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

"पाच," तो शेवटी म्हणाला. "या. पाच चढले. पाच उतरणार."

तळमजल्यावर दार उघडलं. सिस्टर उतरल्या, ताई उतरल्या, मी उतरलो. मिस्त्री बाहेर आला आणि वळून थांबला. चारच. फाईलवाल्या गृहस्थांनी समोर बारा पोलीस बघितले होते आणि ते लिफ्टच्या कोपऱ्यात फाईल तोंडासमोर धरून उभे होते.

"एक कमी," मिस्त्री म्हणाला. त्याचा एक पाय परत लिफ्टकडे वळला.

एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. तुकडीतला कुणीतरी पुढे सरकला. साहेबांनी त्याला नुसत्या बोटाने थांबवलं, टोपी काखेत घेतली आणि लिफ्टपाशी जाऊन वाकले. "साहेब," ते फाईलवाल्यांना म्हणाले, आणि साहेबांनी कुणाला साहेब म्हटल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, "जरा बाहेर येता का? तुमच्याशिवाय अडलंय."

ते आले.

"पाच," मिस्त्री म्हणाला आणि त्याच्या खांद्यांतली सगळी हवा गेली. "ही फेरी बरोबर आली." तो बरा झाला असं मी म्हणणार नाही, कारण पुढचं वाक्य होतं, "बाकीच्या बघायच्या आहेत."

दाराशी वॉचमन उभा राहिला. मिस्त्री त्याच्यासमोर थांबला. "लागलं?"

"तीन टाके."

"मी कठड्यावर मारला होता."

"कठडा माझ्या मागे होता."

"चुकलं माझं."

वॉचमनने पट्टीला हात लावला. "तक्रार मागे घेणार नाही मी."

"नका घेऊ," मिस्त्री म्हणाला.

वॉचमनने दार उघडून धरलं आणि मिस्त्री चालत आमच्या पांढऱ्या गाडीपर्यंत गेला. त्याला कुणी हात लावला नाही. मागच्या सीटवर ताई शेजारी बसल्या. टाकी अर्धी होती, पोचलो.

दवाखान्यात दाखल करण्याच्या फॉर्मवर एक रकाना असतो: रुग्ण कसा आला. तो पोलिसाने भरायचा. मी लिहिलं, 'स्वतःच्या पायांनी चालत आला.' ताईंनी कागद मागून घेतला, ते वाक्य दोनदा वाचलं आणि परत दिला. खाली घटनेसाठी सहा ओळी होत्या. पोलिसांनी सहा शिपाई खोटे प्रवासी म्हणून उभे केले, ही कल्पना कोणाची, हे लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टर शेजारी उभ्या राहून भिंतीवरचं आग विझवण्याच्या बंबाचं माहितीपत्रक फार लक्ष देऊन वाचत होत्या. मी माझं नाव लिहिलं.

ताईंनी डॉक्टरबाईंना विचारलं, "गुन्हा आहे म्हणून मधेच उचलून नेतील का? गोळ्या बंद होतील का?"

"तारीख लागली तरी तो इथून जाईल आणि इथे परत येईल. गोळ्या आम्ही देणार. लेखी देते तुम्हाला," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि खरंच लिहून दिलं. मग त्या मिस्त्रीकडे वळल्या. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

मिस्त्री खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, पाय पार दारापर्यंत पसरलेले. वॉर्डबॉय उठवायला पुढे झाला तर सिस्टरने त्याला अडवलं. नाव ताईंनी सांगितलं, कानात. डॉक्टरबाईंनी दिवा कमी केला. आम्ही सगळे त्या एवढ्याशा खोलीत त्याचे पाय ओलांडत, कागद हातोहात एकमेकांकडे देत, कुजबुजत काम करू लागलो.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. साहेब.

"काय झालं तिकडे?" साहेबांनी विचारलं. "आणि इतका हळू का बोलतोयस?"

"आरोपी झोपलाय, साहेब."

मागे ठाण्यातला गलका ऐकू येत होता. मग साहेबांनी कुणाला तरी 'शूऽ' केलं आणि स्वतःही अगदी हळू आवाजात म्हणाले, "बरं. उठला की कळव."